‘मु. पो.’च्या पुढचे गाव : एका पतसंस्थेच्या पत्त्यांचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बेळगाव तालुक्यातल्या एका सहकारी पतसंस्थेचे आहे. संस्थेचे आणि माणसांचे नाव इथे दिलेले नाही. गावांची नावे मात्र खरी ठेवली आहेत, कारण सगळा घोळ त्या नावांच्या अक्षरांतच होता. मी एका महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा सांभाळते. वडील या संस्थेचे जुने सभासद, त्यामुळे "आमच्या पत्त्यांचं तेवढं बघून द्या की, ताई" हा सचिवांचा निरोप घरीच आला.

सभासद चार हजारांवर. दर सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा असते आणि तिच्या आधी प्रत्येकाला नोटीस पोचावी लागते. नोटिसा दोन वाटांनी जातात. ज्या पस्तीसेक गावांत पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करणारे एजंट रोज फिरतात, तिथले गठ्ठे त्यांच्याकडे. येळ्ळूरचा गठ्ठा येळ्ळूरच्या एजंटाकडे, उचगावचा उचगावच्या. पुण्या-मुंबईला, गोव्याला किंवा चंदगड-गडहिंग्लजकडे गेलेल्यांच्या नोटिसा टपालाने. म्हणजे सभासदाच्या ओळीतून दोन तुकडे हवे होते : गठ्ठ्यासाठी गाव आणि टपालासाठी पिनकोड. आजवर हे काम संस्थेतले जुने लिपिक हाताने करत. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. ओळ वाचायची, पाकिटाच्या कोपऱ्यात गाव लिहायचे, गठ्ठ्यात टाकायचे. आठ दिवस जात. अण्णा त्या वर्षी निवृत्त होणार होते.

यादी मजकुराच्या फाइलीत मिळाली, एका सभासदाची एक ओळ. त्या फाइलीत तीन पिढ्यांच्या ओळी मिसळलेल्या होत्या, आणि हे मला पहिल्या दिवशी ठाऊक नव्हते. सर्वांत जुन्या ओळी ‘डॉस’ या जुन्या संगणक-प्रणालीवरच्या प्रोग्रामच्या. तो मजकूर ‘इस्की’ या पद्धतीने साठवत असे. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली प्रमाणित केलेल्या या पद्धतीत एका चिन्हाला एक बाइट, म्हणजे साठवणुकीचे एक घर, लागतो. प्रत्येक रकान्याची रुंदी ठरलेली : क्रमांक, नाव, गल्ली, गाव, पिन. नाव लहान असेल तर पुढे रिकाम्या जागा भरून रकाना पुरा करायचा. पुढे प्रोग्राम बदलला, जुन्या ओळी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, आणल्या गेल्या आणि नव्या सभासदांचे पत्ते एकाच मोठ्या चौकटीत टाइप होऊ लागले, ज्याला जसे सुचेल तसे. तिसरा प्रकार कन्नडमधून भरलेल्या ओळींचा.

पहिला प्रयत्न

मी फाइल उघडली, पहिल्या पन्नास ओळी पाहिल्या. सगळ्या सरळ रेषेत. गाव ६७ व्या स्थानापासून सुरू होते आणि त्याला २० स्थाने दिलेली आहेत. पिन ८७ पासून ६. ‘ऑक’ या मजकूर हाताळणाऱ्या भाषेत ‘सबस्ट्र’ नावाचे फंक्शन आहे. त्याला ओळ द्यायची, कुठून ते सांगायचे, किती ते सांगायचे, तुकडा हातात. दोन ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, झाली. पन्नास ओळींवर चालवली, पन्नासही गावे बरोबर आली.

सचिवांनी विचारले, "रात्री आपोआप होईल ना हे?" सभेची यादी बंद होईपर्यंत रोज काही पत्ते बदलतात, नवे सभासद येतात, संध्याकाळी कार्यालय बंद करताना फाइल काढून ठेवली की सकाळी लेबले तयार मिळावीत, एवढीच त्यांची अपेक्षा. मी स्क्रिप्ट ‘क्रॉन’वर लावली. ठरलेल्या वेळी काम आपोआप सुरू करणारी ती लिनक्समधली सोय आहे. रात्री एक वाजता ती चालणार होती. निघणारी फाइल सकाळी मी पाहीन आणि मग छापा, असे मी सांगायला हवे होते. सांगितले नाही. कार्यालयातल्या मुलीने सकाळी आल्या आल्या स्टिकरचा कागद घालून छपाई सुरू केली.

अडचण

साडेदहाला फोन आला. लेबलांवर गावाच्या जागी माणसांच्या नावांचे तुकडे होते. एका लेबलावर ‘ल्लाप्पा’, म्हणजे कुणा यल्लाप्पाचा उरलेला भाग. काहींच्या सुरुवातीला काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह. काहींवर ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली वेलांटी. बऱ्याच लेबलांवर तर काहीच नव्हते. दोन पाकिटे स्टिकर वाया गेले होते.

मी तिथे गेले, तीच स्क्रिप्ट त्याच फाइलीवर माझ्या हाताने चालवली. जुन्या ओळींची गावे पुन्हा बरोबर आली. एकच स्क्रिप्ट, एकच फाइल; दिवसा एक उत्तर, रात्री दुसरे. हे समजायला मला दुपारचे तीन वाजले.

कारण असे. ‘येळ्ळूर’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो : ये, ळ्ळू, र. युनिकोडच्या हिशेबात त्यात सात चिन्हे आहेत : य, एकार, ळ, हलन्त, ळ, दीर्घ ऊकार आणि र. ती फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडची चिन्हे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत, साठवली आहे आणि त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून बाइट एकवीस. तीन, सात आणि एकवीस. ‘सबस्ट्र’ यांपैकी काय मोजते? मी वापरत होते ते ‘जीऑक’, म्हणजे ऑकचाच एक अवतार, भोवतालच्या ‘लोकेल’कडे, म्हणजे भाषा आणि मजकूर-पद्धत सांगणाऱ्या सेटिंगकडे, पाहून ठरवते. माझ्या टर्मिनलमध्ये लोकेल यूटीएफ-८ चे होते, तिथे ते चिन्हे मोजत होते. क्रॉन मात्र काम सुरू करताना माझ्या खात्यातली सजावट, म्हणजे अशी सेटिंगे, बरोबर घेत नाही. त्या मशीनवर रात्रीच्या कामाला लोकेल मिळतच नव्हते, आणि मग जीऑक सरळ बाइट मोजत होते. सदुसष्टावा बाइट म्हणजे साधारण पंचविसावे चिन्ह, आणि तिथे अजून सभासदाचे नावच चालू असते. काप तीन बाइटांच्या मधोमध पडला की काळा प्रश्नचिन्हाचा चौकोन. दोन चिन्हांच्या मध्ये पण अक्षराच्या पोटात पडला की लटकलेली वेलांटी.

एवढे कळल्यावर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लोकेल लिहून टाकले असते तर रात्रीचे काम दिवसासारखे झाले असते. पण तोवर मी फाइलीच्या मधल्या आणि शेवटच्या ओळीही पाहिल्या होत्या. नव्या ओळींत रकाने नव्हतेच. कितीतरी ओळी ६७ चिन्हांच्या आतच संपत होत्या. ओळ लहान असली तर ऑकचे सबस्ट्र तक्रार करत नाही, रिकामा मजकूर परत देते. दिवसाच्या मोजणीतही त्या ओळींची लेबले कोरीच आली असती. पॉवरशेल या दुसऱ्या स्क्रिप्टभाषेत हेच केले असते तर मर्यादेबाहेर गेल्याची चूक निदान पडद्यावर दिसली असती. त्या दिवशी ती दिसली असती तर फार बरे झाले असते.

पर्याय

दुपारी आम्ही चौघे बसलो : सचिव, अण्णा, पिग्मी एजंटांपैकी एक जुने मामा आणि मी. सभेला अजून तीन आठवडे होते.

सगळे हाताने करणे हा पहिला पर्याय. अण्णांना आठ दिवस लागत, दोन मुली मदतीला घेतल्या तर तीन-चार. सचिवांचा कल तिकडेच होता, आणि त्या क्षणी तो चुकीचाही नव्हता. पण पुढच्या वर्षी अण्णा नसणार.

स्वल्पविरामावर ओळ तोडून तिसरा तुकडा म्हणजे गाव मानायचे, हा दुसरा. मी शंभर नव्या ओळी काढून मोजून पाहिले. गाव कधी दुसऱ्या तुकड्यात, कधी चौथ्या, कधी स्वल्पविरामच नाही. हा तिथेच सोडला.

‘मु. पो.’, ‘मु.’, ‘रा.’ अशी खूण शोधून तिच्यापुढचा मजकूर पुढच्या स्वल्पविरामापर्यंत किंवा ‘ता.’पर्यंत घ्यायचा, हा तिसरा. पत्ता वाचताना माणूसही हेच करतो. मी अण्णांना विचारले, तुम्ही गाव कसे ओळखता? ते म्हणाले, "मु. पो. बघायचं. नसलं तर ता.च्या मागं बघायचं. तेबी नसलं तर माणूस कोण ते बघायचं." त्यांच्या पहिल्या दोन पायऱ्या मला स्क्रिप्टमध्ये उतरवता येत होत्या. तिसरी माझ्या आवाक्यातली नव्हती.

चौथा पर्याय मामांनी दिला. एजंटांच्या वह्यांत गावांची यादी असतेच. उलटे करा, प्रत्येक गावाचे नाव घेऊन ते ओळीत कुठे आहे का ते बघा. कल्पना चांगली, पण इकडे आडनावे गावांवरूनच आहेत. येळ्ळूरकर उचगावात राहतो आणि मुतगेकर शहापुरात. नुसते ‘येळ्ळूर’ शोधले तर सगळे येळ्ळूरकर येळ्ळूरच्या गठ्ठ्यात जाणार. म्हणून ही यादी गाव शोधायला वापरायची नाही, काढलेले गाव तपासायला वापरायची, असे ठरले.

आम्ही तिसरा पर्याय घेतला, चौथ्याची तपासणी लावून. जुन्या ठरीव रकान्यांच्या ओळींना मात्र स्थानावरून कापणेच ठेवले. तिथे ते बरोबरच होते.

कृती

हे सगळे मी पायथन या दुसऱ्या भाषेत नव्याने लिहिले, कारण तिथे मजकूर आत घेतानाच यूटीएफ-८ आहे असे सांगता येते आणि मोजणी लोकेलवर अवलंबून राहत नाही. ऑक पहिल्या चिन्हाला एक म्हणते, पायथन शून्य. ६७ चे ६६ करायला मी विसरले आणि पहिल्या फेरीत ‘उचगाव’ ‘चगाव’ होऊन आले. ते लगेच दिसले, लगेच सुधारले.

दुसरी चूक एवढ्या लवकर दिसली नाही. नमुना जुळवण्याच्या भाषेत टिंबाचा अर्थ टिंब नसतो. ‘कोणतेही एक चिन्ह’ असा असतो. खऱ्या टिंबासाठी त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. पण आपण ‘मु.’ मराठीत इतक्या वेळा लिहितो की ते टिंब मला शब्दाचाच भाग वाटले, आणि मी ते तसेच लिहून गेले. खुणा असलेल्या ओळींवर चाचणी केली, सगळे बरोबर आले, कारण ‘मु.’मधले टिंबही एक चिन्हच आहे आणि ते जुळतेच. ज्या ओळींत खूण नव्हती तिथे काय झाले पाहा. ‘मुतगे’मधले ‘मुत’ ही खूण ठरली आणि गाव उरले ‘गे’. मुचंडीचे ‘ंडी’. राकसकोपचे ‘सकोप’. रामदेव गल्लीतल्या लोकांचे गाव ‘देव गल्ली’. तारिहाळचे तर सगळ्यांत वाईट झाले. तिथले पत्ते व्यवस्थित ‘मु. पो. तारिहाळ, ता. बेळगाव’ असे लिहिलेले होते, पण ‘ता.’पर्यंत घे म्हटल्यावर ‘तारिहाळ’मधल्या ‘तार’लाच स्क्रिप्ट थांबली आणि गाव कोरे आले.

ही चूक माझ्या नजरेतून सुटली होती. गठ्ठे बांधायला बसलेल्या मामांनी विचारले, "ताई, तारिहाळचा गठ्ठा कुठाय ओ? माझ्याकडं तिथली साठ-सत्तर घरं हायत." यादीशी तपासणी करायची पायरी मी अजून लिहिली नव्हती, आधी गावे तर निघू देत, असे म्हणून पुढे ढकलली होती. ती आधी लिहिली असती तर ‘गे’ आणि ‘सकोप’ तिथेच अडकले असते. टिंबे दुरुस्त केली, खूण ओळीच्या सुरुवातीला, मोकळ्या जागेनंतर किंवा स्वल्पविरामानंतरच मान्य करायची अशी अट घातली, आणि त्याच संध्याकाळी तपासणीही लिहिली. नियम एकच ठेवला : काढलेले गाव यादीत असेल तरच गठ्ठ्यात जाईल, नसेल तर ओळ वेगळ्या फाइलीत, म्हणजे हाताच्या यादीत, माणसाने पाहण्यासाठी. स्क्रिप्टने अंदाज करायचा नाही.

खुणेच्या पुढचा ‘शब्द’ घे, असे सांगायला एक तयार संकेत असतो, बॅकस्लॅश डब्ल्यू. पायथनचा तो संकेत अक्षरे आणि अंक ओळखतो, पण मात्रा, वेलांट्या आणि हलन्त यांना शब्दाचा भाग मानत नाही. ‘येळ्ळूर’वर तो पहिल्याच मात्रेपाशी थांबतो आणि हातात ‘य’ येतो. म्हणून ‘शब्द घे’ असे न सांगता ‘स्वल्पविराम नसलेले सगळे घे’ असे सांगावे लागले. पहिल्या मोकळ्या जागेपर्यंत घेणेही चालणार नव्हते. कंग्राळी दोन आहेत, खुर्द आणि बुद्रुक, आणि इथे लोक ‘कंग्राळी के. एच.’, ‘कंग्राळी बी. के.’ असेही लिहितात. पहिला शब्द घेतला की दोन गावांचे एक गाव होते आणि एका एजंटाच्या पिशवीत दुसऱ्याचे लोक जातात.

पिनकोड सोपा वाटला होता. सहा अंक शोधायचे. पण दहा अंकी मोबाइल क्रमांकातही सहा अंक असतात, म्हणून मागे-पुढे अंक नसलेलेच सहा हवेत. काही जण ५९० ००६ असे मध्ये जागा सोडून लिहितात, ती एक जागा चालवून घ्यायची. अंक कधी इंग्रजी, कधी देवनागरी. शोध ओळीच्या शेवटाकडून करायचा, कारण पिन शेवटी असतो आणि सर्व्हे नंबर, घर नंबर आधी. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले. त्याआधीच्या सभासदांच्या कार्डावरून जशाच्या तशा उतरवलेल्या ओळींत पिन नाहीच, तिथे काहीही सापडले तर ते चूकच. मिळालेला पिन खरा वाटतो का, हे पाहायला मी पहिले दोन अंक तपासले. कर्नाटकाचे ५६ ते ५९, महाराष्ट्र आणि गोव्याचे ४० ते ४४. बाकी सगळे हाताच्या यादीत.

सचिवांनी हाताची यादी चाळली आणि म्हणाले, "आमची फौजेतली पोरं सगळी बाहेर टाकलीसा की." मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावातच आहे आणि या भागातल्या कितीतरी घरांत एक तरी माणूस सैन्यात असतो. त्यांचे पत्ते ‘५६ ए. पी. ओ.’ असे असतात आणि लष्करी टपालाचे पिन ९ ने सुरू होतात. माझ्या अटीत ९ नव्हता. टपाल खात्याचे नियम मला माहीत होते, पण या संस्थेचे सभासद कोण आहेत ते सचिवांना माहीत होते. अट बदलली.

कन्नड ओळी

या ओळींवर मी सगळ्यांत जास्त वेळ दिला आणि तो दिल्याचे मला समाधान आहे.

जुन्या फाइलीत काही गावे अशी दिसत : ‘बॆळगुंदि’, ‘हॊनगा’, ‘बॆळगावि’. आधी मला वाटले की फॉन्ट बिघडलाय. नीट पाहिले तर मात्रा वेगळी होती. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन एकार आणि दोन ओकार आहेत, मराठीत एकच. इस्की पद्धतीत सगळ्या भारतीय लिप्यांना एकच संकेतसंच असल्यामुळे कन्नडमध्ये टाइप केलेल्या ओळी युनिकोडमध्ये आणताना कुणीतरी सरसकट देवनागरी समजून आणल्या. ऱ्हस्व एकार मात्र आपली ओळख सोडत नाही, देवनागरीतही त्याला स्वतंत्र जागा आहे. त्यामुळे वाचणाऱ्याला ‘बॆळगुंदि’ म्हणजे बेळगुंदी हे सहज कळते, पण स्क्रिप्टच्या लेखी ते वेगळे गाव.

नव्या प्रोग्राममध्ये भरलेल्या कन्नड ओळी खऱ्याच कन्नड लिपीत होत्या आणि त्यांत ‘मु. पो.’च्या जागी ‘सा’, म्हणजे साकीन, राहण्याचे ठिकाण. हा शब्द आपल्या जुन्या दस्तांतही असतोच. त्या ओळी थेट हाताच्या यादीत टाकायचे ठरत आले होते. मग युनिकोडचे तक्ते शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही लिप्यांची मांडणी इस्कीवरूनच आलेली असल्याने ती ओळीला ओळ जुळते. कन्नड चिन्हाच्या क्रमांकातून ८९६ वजा केले की त्याच जागेवरचे देवनागरी चिन्ह मिळते. ब चा ब, ळ चा ळ, अनुस्वाराचा अनुस्वार, अंकाचा अंक. मी प्रत्येक कन्नड चिन्हातून ८९६ वजा केले, ऱ्हस्व मात्रा दीर्घ केल्या, आणि बेळगुंदीची कन्नड ओळ बेळगुंदीच्या मराठी ओळींशेजारी येऊन बसली. शेवटची ‘दि’ आणि ‘दी’ जुळवायला गावांच्या यादीत पर्यायी लेखने घातली. ‘बेळगाव’, ‘बेळगांव’, ‘बेळगावी’ हीही तशीच एका ठिकाणी आणली.

इथेच बैठकीत एक प्रश्न उभा राहिला. आता सगळे एका रूपात आलेच आहे, तर लेबलावरही तेच छापावे का? दिसायला नीटनेटके झाले असते. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. तेव्हापासूनच नव्हे, त्याच्याही आधीपासून नाव कसे लिहायचे ही इथे माणसांच्या मनाला लागणारी गोष्ट आहे. अण्णा म्हणाले, "त्यानं जसं लिवून दिलंय तसंच त्याच्या घरी जाऊ दे." मला ते पूर्ण पटले. बदललेले रूप फक्त गठ्ठा ठरवण्यासाठी वापरायचे आणि लेबलावर सभासदाने दिलेली मूळ ओळच छापायची, लिपीसकट. स्क्रिप्ट मूळ ओळीला हात लावत नाही. तिची प्रत घेते, प्रतीवर कापाकापी करते आणि गाव ठरल्यावर प्रत टाकून देते.

निष्पत्ती

त्या वर्षी शेवटी सुमारे ३७०० ओळी स्क्रिप्टने लावल्या आणि चारशेच्या आसपास हाताच्या यादीत गेल्या. अण्णा आणि तीन एजंटांनी त्या दोन संध्याकाळी बसून संपवल्या. त्यांतल्या बऱ्याच ओळींत गाव लिहिलेलेच नव्हते, नुसती गल्ली आणि वडिलांचे नाव. तिथे अण्णांची तिसरी पायरी, ‘माणूस कोण ते बघायचं’, हीच उपयोगी पडली. त्यांनी सांगितलेले गाव आम्ही त्या सभासदाच्या क्रमांकापुढे नोंदवून ठेवले, म्हणजे पुढच्या वर्षी ते पुन्हा विचारावे लागू नये.

नोटिसा मुदतीत गेल्या. पण सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. टिंबाची चूक सापडण्याआधी दोन गठ्ठे बाहेर पडले होते आणि त्यांत रामदेव गल्लीची काही पाकिटे भलत्या ठिकाणी गेली. ती एजंटांनी परत आणली आणि पुन्हा वाटली. एका वृद्ध सभासद बाईंना नोटीस सभेच्या आदल्या दिवशी मिळाली. त्या सभेला आल्या, पण अहवाल वाचायला वेळ मिळाला नाही असे त्यांनी उभे राहून सांगितले. ती चूक माझी होती आणि मी ती सचिवांकडे तशीच कबूल केली.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या पन्नास ओळींवर भरवसा ठेवला, ती मुळातली चूक. फाइल क्रमांकाने लावलेली होती, म्हणजे पहिल्या पन्नास ओळी सगळ्यांत जुन्या, एकाच प्रोग्राममधल्या, बहुतेक एकाच हाताच्या. सुरुवातीच्या, मधल्या, शेवटच्या अशा विखुरलेल्या ओळी काढल्या असत्या तर पहिल्या तासातच तिन्ही पिढ्या दिसल्या असत्या. आता नवी फाइल आली की मी आधी नुसती ओळींची लांबी मोजते. जुन्या ओळी सगळ्या सारख्या लांबीच्या आणि नव्या वेड्यावाकड्या, हे त्या एका मोजणीत कळते.

दुसरे, क्रॉनवर लावायच्या आधी स्क्रिप्ट तशाच ओक्याबोक्या वातावरणात एकदा चालवून पाहायला हवी होती. लिनक्समध्ये सगळी सजावट काढून आज्ञा चालवायची सोय आहे, पाच मिनिटांचे काम.

तपासणीची पायरी मी शेवटी ठेवली, ती आधी लिहायला हवी होती. गावांची यादी एजंटांच्या वहीत तयार होती. स्क्रिप्टची पहिली ओळ लिहिण्याआधी ती माझ्या हातात येऊ शकली असती. अण्णांना ‘तुम्ही कसे ओळखता’ हा प्रश्नही मी दोन पाकिटे स्टिकर वाया गेल्यावर विचारला. त्यांचे उत्तर तीन वाक्यांचे होते.

पत्ता एकाच चौकटीत घेणे थांबवावे, असेही मी सुचवले. घर, गल्ली, गाव, तालुका, पिन यांना वेगळे रकाने. प्रोग्राम बनवणाऱ्याने नव्या सभासदांसाठी तसे करून दिले आहे. जुन्या चार हजार ओळी फोडून नव्या रकान्यांत बसवायच्या का, यावर मात्र एकमत झाले नाही. सचिवांना एकदाचे करून टाकायचे होते. मी नको म्हटले, कारण फोडताना झालेली चूक मग मूळ नोंदीतच जाऊन बसली असती आणि ती चूक आहे हे दाखवणारी जुनी ओळ उरली नसती. सध्या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालू आहेत.

अण्णांच्या जागी आलेली मुलगी नव्या रकान्यांत नीट भरते. फक्त गावाच्या रकान्यात ती सवयीने ‘मु. पो. येळ्ळूर’ असेच लिहिते. मी तिला अजून काही म्हटलेले नाही. स्क्रिप्ट ते ‘मु. पो.’ काढून घेते, आणि पाकिटावर ते तसेच छापले जाते.